बसून

साताऱ्याच्या आत्याला फोनवर सांगितलं,
शर्वाणी बसून वाजवते.
ती म्हणाली, बसूनच वाजवतात रे सगळे,
पण वाजवते काय?
बसून, मी म्हटलं, वाद्याचंच नाव आहे.
लाकडी, जवळजवळ तिच्याएवढं उंच,
म्हाताऱ्या रेड्यानं गुपित सांगावं तसा आवाज.
आत्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, बाकी थंडी काय म्हणते?

थंडी काय म्हणणार.
हॅलिफॅक्सच्या चढावर आमच्याच गल्लीत राहते.

मी दात बनवतो, दुसऱ्यांचे.
दिवसभर लॅबमध्ये दाढांचे उंचवटे घासून घरी यावं
तर माझीच बारीक कानस घेऊन ही
बोरूची पातळ पट्टी तासत असते.
केसभर जास्त गेली की रीड वाया.
दोन ओठांत धरून फुंकते: बदक.
पुन्हा कानस, पुन्हा बदक.
दहाव्या खेपेला कधीतरी
बदकाच्या गळ्यातून माणूस बोलतो,
आणि ती आनंदानं नव्हे, संशयानं
माझ्याकडे बघते.

फेब्रुवारीत रचना द्यायची होती.
साडेचार मिनिटं, त्याहून कमी चालत नाही.
हिची तीन चाळीसवर अडली.
रात्री दीडला जिन्यात भेटली,
पुढे काय आहे तेच ऐकू येत नाही म्हणाली.
मला सुचलं ते एवढंच, चहा ठेवू?
किटली उकळण्याआधी एक हुंकार धरते ना,
तो ऐकून तिनं मान वर केली
आणि कप तसाच टाकून धावत वर गेली.
मी महिनाभर लॅबमध्ये सांगत होतो,
आमची किटली परीक्षेला बसलीय.
शेवटी विचारलं, कुठेय तो हुंकार?
काढला, म्हणाली.
गुण जातात.

तिसरा पेपर रसग्रहणाचा.
हा शब्द मला येतो!
कवितेचे रसग्रहण करा, गुण सहा,
मी गाईडमधलं पाठ करून पाच मिळवले होते.
रस कुणी ग्रहण केला होता?
ही मात्र एकच ओळ अकरा वेळा लावते,
इथे ओबो का थांबतो, बाबा?
दमला असेल, मी म्हणतो.
ती ते लिहीत नाही.
पण बाराव्यांदा लावते तेव्हा
मलाही ते थांबणं ऐकू येतं,
दाढ काढल्यावर जीभ जिथे जाते ना,
तसं.

ध्वनिमुद्रणाच्या मंगळवारी
पानं उलटणारा मुलगा तापानं आडवा.
शाळेच्या हॉलमध्ये रिकामा असा मीच.
पियानोवर मिसेस अक्रॉइड, सत्तरीच्या, गुडघ्यावर शाल,
म्हणाल्या, मी मान हलवली की उलटा, बाकी काही नाही.
मला त्या काळ्या ठिपक्यांतलं अक्षर कळत नाही,
मान कळते.
दोनदा हलली, दोनदा उलटलं.
तिसऱ्यांदा माझ्या बोटांत आली दोन पानं.

खर्र.

मिसेस अक्रॉइड न थांबता
समोर नसलेलं पान वाजवत राहिल्या.
शर्वाणीनं डोळेसुद्धा हलवले नाहीत,
फक्त तिचा एक श्वास
जिथे घ्यायचा नव्हता तिथे घेतला.
मास्तर हॉलिनरेक कागदावर बघत म्हणाले,
आणखी एकदा करून ठेवू या का.

दुसऱ्या वेळी मिसेस अक्रॉइडनी
डाव्या हातानं स्वतःच उलटली पानं,
चार-दोन स्वर गाळून.
मी मागच्या खुर्चीत,
कोट मांडीवर, बूट न हलवता,
नुसता
बसून.

बोर्डाकडे तोच गेला. तोच चांगला होता.

चढावर खोकं मी उचललं.
अर्ध्यात ती म्हणाली,
तुमचं ते खर्र, बाबा, सूर कुठला होता सांगू?
सांगितला.
आत्याला सांगायचा म्हणून घोकत घोकत आलो,
फोन लागेपर्यंत विसरलो.